पारपत्र सोडून आलेला नीलकंठ

मिरकरवाडा बंदरात नागरिकत्व ही राज्यशास्त्राच्या पुस्तकातील संकल्पना उरलेली नाही. ती खिशात बाळगण्याची वस्तू झाली आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये ‘कुबेर’ ही गुजरातची मासेमारी नौका बळकावून दहशतवादी मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले आणि त्यानंतर सबंध पश्चिम किनाऱ्यावर मच्छीमारांच्या ओळखपत्रांची मोहीम हाती घेण्यात आली. नौका कोणाची, तिच्यावर तांडेल कोण, खलाशी कोण, याची नोंद हवी हे तेव्हापासून सर्वांनीच मान्य केले आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील नौकांवर नेपाळी खलाशी मोठ्या संख्येने काम करतात. भारत आणि नेपाळ यांच्यातील १९५० च्या करारामुळे त्यांना येथे येऊन रोजगार करण्यास व्हिसा लागत नाही. एकच जाळे ओढणारे हात दोन देशांचे असतात. शिधा एक, घाम एक, वादळही एकच. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मात्र कोण कुठला हे बंदरात प्रत्येकाला ठाऊक असते आणि ते लपविण्याची कोणालाही गरज भासत नाही.

भारतीय फुटबॉलच्या वर्तुळात मात्र हे ‘कोण कुठला’ सैल करावे, अशी मागणी गेली काही वर्षे जोर धरत आहे. तिला २०२५ या वर्षाने धार आणली. ऑक्टोबरमध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २–१ असे हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार भारतासाठी बंद झाले. पाठोपाठ १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशाने भारतावर १–० असा विजय मिळवला. बावीस वर्षांनंतर बांगलादेशाने भारताला हरवले होते. त्या संघाच्या मधल्या फळीत हमजा चौधरी होता. इंग्लंडमध्ये जन्मलेला, लेस्टर सिटी या क्लबमध्ये घडलेला, इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघाकडून खेळलेला हा खेळाडू. त्याची आई बांगलादेशी. ब्रिटिश नागरिकत्व कायम ठेवून त्याने बांगलादेशाचे पारपत्र घेतले, फिफाची अनुमती मिळवली आणि मार्च २०२५ मध्ये शिलाँगला भारताविरुद्धच पहिला सामना खेळला. शेजारी देशाला जे जमते ते आपल्याला का जमू नये, हा प्रश्न मग साहजिकच विचारला जाऊ लागला. इगोर स्टिमाच यांच्यासारखे माजी राष्ट्रीय प्रशिक्षक तो पूर्वीपासून विचारत होते.

प्रश्न चुकीचा नाही, पण अर्धा आहे. त्याचे उरलेले अर्ध शोधायचे तर ढाक्याकडे पाहून चालणार नाही. पुण्याकडे पाहावे लागेल, आणि पुण्याच्याही आधी जपानमधील एका मासळीच्या बंदराकडे.

होन्शू बेटाच्या पश्चिम टोकावर शिमोनोसेकी हे शहर आहे. कोकणात जो फुगणारा केंड मासा जाळी कुरतडतो म्हणून शिव्या खातो, त्याच्या जातभाईंसाठी शिमोनोसेकी जगप्रसिद्ध आहे. तेथे या विषारी माशाचा लिलाव होतो आणि तो कापण्यास परवानाधारक आचारी लागतो. या गावी ३१ जुलै १९८२ रोजी अराता इझुमीचा जन्म झाला. आई जपानी, वडील गुजराती. त्याचे दुसरे नाव नीलकंठ खंभोळजा. जपानमध्ये फुटबॉलचे धडे गिरवून, सिंगापूरच्या लीगमधील जपानी खेळाडूंच्या संघातून खेळून तो २००६ मध्ये कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये आला. तेथून मुंबईच्या महिंद्रा युनायटेडमध्ये आणि २००९ मध्ये पुणे फुटबॉल क्लबमध्ये. तो मधल्या फळीत खेळे. प्रतिस्पर्ध्याच्या बचावामागे मोकळी जागा कधी निर्माण होईल याचा अंदाज बांधून तेथे वेळेवर पोहोचणे, ही त्याची खरी विद्या होती. डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली पुण्याच्या संघाने आय-लीगच्या पहिल्याच मोसमात तिसरा क्रमांक मिळवला आणि २०१२–१३ मध्ये उपविजेतेपद पटकावले. बालेवाडीच्या मैदानावर येणाऱ्या मोजक्या पण निष्ठावंत पुणेकरांना या संघाने काही चांगल्या सायंकाळी दिल्या, त्यांत इझुमीचा वाटा मोठा होता.

एवढे होऊनही कागदावर तो परदेशी होता. क्लबच्या परदेशी खेळाडूंच्या मर्यादित कोट्यातील एक जागा तो अडवीत असे. भारताकडून खेळण्याचा तर प्रश्नच नव्हता. येथे २००८ मधील एका धोरणात्मक निर्णयाची आठवण ठेवली पाहिजे. त्यापूर्वी अमेरिकन नागरिक असलेला प्रकाश अमृतराज भारताच्या डेव्हिस चषक संघातून टेनिस खेळला होता. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २००८ मध्ये ही वाट बंद केली. भारताचे प्रतिनिधित्व करावयाचे तर हाती भारताचेच पारपत्र हवे. भारतीय वंशाचे कार्ड वा परदेशस्थ नागरिकाचे कार्ड चालणार नाही, असा नियम झाला.

या कार्डांविषयी मध्यमवर्गीय कुटुंबांतही बराच गोंधळ आढळतो. अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने लक्ष्मीमल्ल सिंघवी समितीच्या शिफारशींवरून २००३ मध्ये नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती केली. त्या वर्षी ९ जानेवारीला, पहिल्या प्रवासी भारतीय दिवशी, या निर्णयाची घोषणा झाली होती. वृत्तपत्रांनी त्याला ‘दुहेरी नागरिकत्व’ म्हटले आणि तो शब्द रूढ झाला. प्रत्यक्षात राज्यघटनेचे नववे कलम जागच्या जागी आहे. स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेणारा भारताचा नागरिक राहत नाही. ‘ओव्हरसीज सिटिझन’ या नावात नागरिक हा शब्द असला तरी आशय आजीवन व्हिसाचा आहे. अशा कार्डधारकाला मत देता येत नाही, निवडणूक लढविता येत नाही. रत्नागिरीतून लंडनला जाऊन ब्रिटिश नागरिक झालेल्या माणसाला शहरात सदनिका घेता येते. हापूसची बाग विकत घेता येत नाही. वारशाने आलेली बाग ठेवता येते, हा अपवाद. कायदा करणाऱ्यांनी जिव्हाळा आणि जबाबदारी यांत येथे सरळ रेषा ओढली. जिव्हाळ्याला दार उघडे, जबाबदारीला अट.

इझुमीने ती अट मान्य केली. भारतीय नागरिकत्वाचा मार्ग त्याने धरला आणि जपानी नागरिकत्व सोडले. जपानचा कायदाही या बाबतीत आपल्याइतकाच कठोर आहे. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेणारा जपानी नागरिक राहत नाही. त्यामुळे त्याच्यापुढे दोन्ही दगडांवर पाय ठेवण्याचा पर्यायच नव्हता. जपानी पारपत्र जगातील सर्वांत सुलभ प्रवासाच्या पारपत्रांपैकी एक. ते परत करणाऱ्याच्या हाती काय आले, तर ज्या पारपत्रावर जपानला जाण्यासाठी व्हिसा काढावा लागतो ते. जन्मगावी, मातेच्या देशी जायचे तरी अर्ज भरणे आले.

यात त्याचा व्यावसायिक लाभ नव्हता काय? होता. भारतीय नागरिक झाल्यावर क्लबांना तो परदेशी कोट्याबाहेर घेता येणार होता, आणि जपानच्या राष्ट्रीय संघात स्थान मिळण्याची शक्यता त्याला नव्हतीच. हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु लाभ मोजणारा माणूस परतीची वाट राखून ठेवतो. हा ती बंद करून आला. करारावर सही करणाऱ्या परदेशी खेळाडूत आणि त्याच्यात फरक पडतो तो येथे.

२०१३ मध्ये डच प्रशिक्षक विम कोव्हरमन्स यांच्या काळात त्याने भारताकडून पदार्पण केले. तेव्हा त्याचे वय तिशीच्या पुढे गेले होते. मधल्या फळीतील खेळाडूचे उत्तम आयुष्य साधारणपणे विशी आणि तिशीच्या दरम्यानचे. नव्वद मिनिटे सर्वाधिक धावणारा तोच असतो. देशाला इझुमी मिळाला तो या आयुष्याच्या उतारावर. वरिष्ठ राष्ट्रीय संघाकडून त्याला दहाही सामने मिळाले नाहीत. त्याच वर्षी काठमांडूत दक्षिण आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अफगाणिस्तानने भारताला २–० असे हरवले. त्या अफगाण संघातही युरोपात वाढलेले खेळाडू होते. म्हणजे ढाक्यात २०२५ मध्ये जे घडले त्याची सूचना बारा वर्षांपूर्वीच मिळाली होती. आपल्याकडे सूचना पुष्कळ मिळतात.

आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. ज्याने देश बदलला तो टिकला. ज्या संस्थांसाठी तो खेळला त्या मात्र विरून गेल्या. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे फुटबॉल क्लबने २०१५ मध्ये व्यावसायिक फुटबॉलमधून अंग काढून घेतले. पुढे इंडियन सुपर लीगमध्ये तो कोलकाता, पुणे आणि केरळ येथील संघांकडून खेळला. त्यांपैकी एफसी पुणे सिटी हा संघ २०१९ मध्ये इतिहासजमा झाला. महाराष्ट्रातील ज्या क्लबांचा गणवेश त्याने घातला, त्यांपैकी एकही आज अस्तित्वात नाही. नागरिकत्व आयुष्यभराचे मागायचे आणि मैदान चार-सहा मोसमांचे द्यायचे, असा हा व्यवहार झाला. दुहेरी नागरिकत्वाच्या नावाने गळा काढणारे या बाजूविषयी फारसे बोलत नाहीत.

विरोधी युक्तिवादही प्रामाणिकपणे पाहिला पाहिजे. २०२२ च्या विश्वचषकात उपान्त्य फेरीपर्यंत धडक मारणाऱ्या मोरोक्कोच्या २६ खेळाडूंपैकी १४ जण परदेशात जन्मलेले होते. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्यास त्यांच्या खेळाने जागा ठेवली नाही. फ्रान्सकडून २००६ च्या विश्वचषक संघात असलेला विकाश दोरासू हा मॉरिशसमार्गे फ्रान्सला गेलेल्या तेलुगू पूर्वजांचा वंशज. असे पाय भारताकडून का धावू नयेत, या भावनेत खोटे काही नाही. परंतु मोरोक्को वा बांगलादेश यांनी दुहेरी नागरिकत्वाचा निर्णय फुटबॉलसाठी घेतलेला नाही. स्थलांतरितांशी असलेल्या त्यांच्या एकूण संबंधांतून तो आला. फुटबॉल हे त्याचे उपफळ. भारताने मात्र अकरा जणांच्या संघासाठी राज्यघटनेचे एक कलम वाकवावे अशी अपेक्षा आहे. ज्या देशाच्या सीमा दोन बाजूंनी धुमसत असतात आणि ज्याच्या किनाऱ्यावर ‘कुबेर’ घडून गेले आहे, त्याने नागरिकत्वाची व्याख्या विश्वचषक पात्रता फेरीच्या वेळापत्रकावर बेतू नये. शेजारच्या गोव्यात तर उलट दिशेची रांग आहे. पोर्तुगीज काळातील नोंदींच्या आधारे हजारो गोमंतकीय पोर्तुगालचे पारपत्र घेऊन भारताचे परत करीत आले आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाला कायदा एकच प्रश्न विचारतो, मग फुटबॉलपटूला वेगळा कसा विचारणार?

येथे रत्नागिरीला विसरता येत नाही. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात याच जिल्ह्यात स्थानबद्ध होते आणि ‘पितृभू’ हा शब्द त्यांच्या विवेचनातून मराठी माणसाच्या ओळखीचा झाला. इझुमीच्या बाबतीत तो शब्द अगदी शब्दशः लागू पडतो, वडिलांची भूमी. पण रक्ताचे नाते आपोआप मिळते, त्यासाठी माणसाला काही करावे लागत नाही. त्याने जे केले ते त्याच्या पुढचे होते. आणि म्हणून राष्ट्राचे त्याच्याविषयीचे कर्तव्यही पुढचे असावयास हवे होते.

या संदर्भात जपानचेच उदाहरण अधिक उपयोगी आहे. ब्राझीलमध्ये जन्मलेला रुई रामोस १९७७ मध्ये जपानला आला, १९८९ मध्ये जपानी नागरिक झाला आणि १९९२ मध्ये आशियाई चषक जिंकणाऱ्या जपानी संघाच्या मधल्या फळीचा आधारस्तंभ ठरला. त्याच्यानंतरही ब्राझीलमध्ये जन्मलेले काही खेळाडू जपानकडून खेळले. जपानने यांच्यापैकी कोणासाठीही एकेरी नागरिकत्वाचा नियम मोडला नाही. पूर्ण जपानी होऊन या, असे सांगितले आणि येणाऱ्याला मानाने घेतले. त्याच काळात शाळांच्या स्पर्धा बळकट केल्या, १९९३ मध्ये व्यावसायिक लीग सुरू केली. १९९८ पासून जपान एकाही विश्वचषकाला मुकलेला नाही. बाहेरून आलेले थोडे आणि घरातून घडलेले पुष्कळ, असे ते प्रमाण होते. शिमोनोसेकीच्या मुलाला फुटबॉलचे धडे मिळाले ते याच व्यवस्थेत.

आपल्याकडे पूर्ण भारतीय होऊन येऊ इच्छिणाऱ्याची वाट कशी आहे? परदेशस्थ नागरिकाचे कार्ड मिळाल्यावर पाच वर्षे थांबायचे आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात राहायचे, अशी नागरिकत्व कायद्याच्या पाचव्या कलमातील एक वाट आहे. अभियंत्याला वा व्यापाऱ्याला पाच वर्षे जड नसतील. फुटबॉलपटूची सबंध कारकीर्द पंधरा वर्षांची. त्यातील एक तृतीयांश कार्यालयांच्या टेबलांवर जाते. बंगळुरू एफसीचा रायन विल्यम्स हे ताजे उदाहरण. जन्म पर्थचा, आईचे घराणे मुंबईचे, आजोबा मुंबईकडून फुटबॉल खेळलेले. ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून तो २०२५ मध्ये भारतीय झाला, तेव्हा त्याची बत्तिशी उलटली होती. फिफाने २०२० मध्ये देश बदलण्याचे नियम काहीसे सैल केल्यामुळे त्याला हे शक्य झाले. ढाक्याच्या सामन्यासाठी मात्र त्याच्या जुन्या महासंघाचा ना-हरकत कागद वेळेत पोहोचला नाही आणि तो खेळू शकला नाही. इझुमी आणि विल्यम्स यांच्यात बारा-तेरा वर्षांचे अंतर आहे. दोघेही देशाला मिळाले ते तिशी ओलांडल्यावर.

दोष एकेरी नागरिकत्वाच्या तत्त्वाचा नाही, त्या दाराशी उभे ठेवणाऱ्या दिरंगाईचा आहे. ज्याचे आई-वडील वा आजी-आजोबा भारतीय आहेत आणि जो आपले परकीय पारपत्र परत करण्याचे लेखी वचन देतो, अशा अठरा-वीस वर्षांच्या तरुणाला पाच वर्षे ताटकळत ठेवण्याने कोणती सुरक्षा साधते? त्याची चौकशी कठोर व्हावी, पण ती काही महिन्यांत संपावी. महासंघानेही अशा मुलांचा शोध ते सोळा वर्षांचे असतानाच घ्यावा. पराभव झाल्यावर पत्रकार परिषदेत त्यांची नावे घेण्याने त्यांचे वय कमी होत नाही.

अर्थात बाहेरून येणारे कितीही आले तरी ते दोन-चारच असणार. आंबा घाट चढून गेले की कोल्हापूर लागते. तेथे तालमींच्या नावाने फुटबॉल संघ आहेत, शाहू स्टेडियमवर स्थानिक सामन्यांना गर्दी उसळते आणि तेथलाच अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत घडून २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळला. घाटाच्या खाली, रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, असे काही उभे राहिले नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मिरकरवाड्याच्या नौका एकसष्ट दिवस किनाऱ्याला लागलेल्या असतात. तेवढे दिवस दालदी, खारवी आणि इतर मच्छीमार कुटुंबांतील पोरांना बापासोबत बंदरावर काम नसते. वाळूत वाढलेले हे पाय. त्यांच्यासाठी पावसाळी फुटबॉल भरविण्यास संसदेचा कायदा लागत नाही. क्रीडाधिकारी, एक चेंडू आणि चिखल पुरतो. १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईच्या मैदानांवरच घडला होता आणि त्या वर्षी भारत चौथा आला होता.

इझुमी निवृत्तीनंतर जपानला परतला नाही. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या निवासी फुटबॉल प्रबोधिनीत त्याने प्रशिक्षकाचे काम हाती घेतले आणि देशभरातून निवडून आलेल्या मुलांना तो मधल्या फळीचा खेळ शिकवू लागला. राष्ट्रीय संघाला ज्याची उणीपुरी काही नव्वद मिनिटे मिळाली, त्याच्याकडून पुढच्या पिढीला अशी वर्षे मिळाली.

राहता राहिली कायद्यातील एक लहान पण बोलकी उणीव. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या सहाव्या कलमात एक परंतुक आहे. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, विश्वशांती किंवा मानवी प्रगती यांची विशेष सेवा करणाऱ्या व्यक्तीला नागरिकत्व देताना केंद्र सरकार नेहमीच्या सर्व वा काही अटी माफ करू शकते. या यादीत क्रीडेचे नाव नाही. १९५५ मध्ये ते कोणाला सुचले नसेल, हे समजण्यासारखे आहे. १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धेचे फुटबॉल सुवर्णपदक भारताने नुकतेच जिंकले होते आणि बाहेरच्या पायांची कोणालाच गरज नव्हती. आज तो एक शब्द तेथे घालण्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. साध्या बहुमताने संमत होणारे विधेयक त्याला पुरेसे आहे.